अक्काच्या इंजिनाखालचा कागद

"गळतं तिथं दुखत नसतं," असं तो म्हणायचा.

कुणी येऊन सांगितलं, मिस्त्री, इंजिनाखाली तेल पडतंय, की त्याचं ठरलेलं होतं. आधी हात पुसायचे, मग चष्मा कपाळावर चढवायचा, मग हे वाक्य म्हणायचं, आणि मग खाली न बघता वर बघायचं. तेल वरून निघतं. वाटेत चार वळणं घेतं, कुठल्या तरी बोल्टच्या टोकाशी येऊन थांबतं, विचार केल्यासारखं करतं आणि पडतं. बघणारा त्या बोल्टची मानगूट धरतो. बोल्टचा काय गुन्हा? तो बिचारा वाटेत उभा होता एवढंच.

त्याचं खरं नाव घरच्यांनाही आठवून सांगावं लागे. आमच्याकडे तो कागदमिस्त्री. दुरुस्त केलेलं यंत्र तो लगेच कधीच हातात देत नसे. इंजिनाखाली पांढरा कोरा कागद पसरायचा, इंजिन तासभर चालू ठेवायचं आणि आपण शेजारी तिपाईवर बसून राहायचं. माणसं म्हणायची, मिस्त्री, आम्हाला कामं आहेत. तो म्हणायचा, जा ना, तुम्हाला कोणी धरलंय, कागद आणि मी बसतो. कागद कोरा राहिला की म्हणायचा, "ने." ठिपका पडला तर तो वाचायचा. गोल ठिपका म्हणजे सरळ पडलेला. शेपटीचा म्हणजे घसरत आलेला. बारीक शिंतोडे म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने उडवलेले. लोक पत्रं वाचतात तसा तो ठिपके वाचायचा, आणि वाचताना ओठ हलायचे.

त्याची शेड तळ्याच्या काठावरच्या चढावर होती. तिला एक खिडकी होती, पण तिला काच नव्हती. काच कधीतरी फुटली, तेव्हा त्याने तिथे तेल प्यायलेला एक कागद चिकटवला, आजच्यापुरता म्हणून. कागदाला तेल लागलं की त्यातून उजेड आरपार येतो, हे ज्याने स्वयंपाकघरात तळणीखालचा कागद उचलून बघितलाय त्याला ठाऊक आहे. मिस्त्रीला तो उजेड आवडला. मग दुसरा कागद, मग तिसरा. पुढे सगळी खिडकीच तशी झाली. हा गिरणीच्या इंजिनाचा, हा डॉक्टरांच्या जुन्या मोटारीचा, हा वीटभट्टीच्या पंपाचा. दुपारी ऊन फिरलं की जमिनीवर मधाच्या रंगाचे लहानमोठे चंद्र पडायचे. भिंतीवर टांगलेले पाने-पकडी त्या उजेडात नुकते झोपेतून उठल्यासारखे दिसायचे. तिथेच, त्या चंद्रांवर, तो जेवणानंतर अंग टाकायचा, आणि अंगावर चंद्र हळूहळू सरकत जायचे, पायापासून पोटापर्यंत, पोटापासून गळ्यापर्यंत. गळ्याशी आले की उठायचं. घड्याळ त्याने कधी घेतलंच नाही.

चाळीस वर्षांत तीच गळती घेऊन त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा आलं नव्हतं. हे तो स्वतः सांगायचा नाही. पण तुम्ही सांगितलंत तर थांबवायचाही नाही.

आणि मग जी आली ती त्याची सख्खी बहीण.

अक्का त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा रांगत होता, आणि तेव्हापासून हिच्या कडेवर. पोरीचं वय स्वतः खेळायचं, पण ही धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरायची. त्याच हिवाळ्यात कुणाकडून तरी सुया आणि लोकर मागून आणली आणि त्याला एक टोपडं विणलं. पहिलंच विणकाम. एक कान आत, एक कान बाहेर. पुढे तिचा हात बसला आणि मग थांबलाच नाही. भाऊ मोठा झाला तशी टोपडी मोठी होत गेली. बासष्टाव्या वर्षीही त्याच्या डोक्यावर तिनेच विणलेली टोपी असायची. शिवाय किटलीला टोपडं, रेडिओला टोपडं, दाराच्या मुठीला टोपडं. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो म्हणे बराच वेळ उभाच होता, आपण बसलो तर आपल्यालाही काहीतरी घालतील म्हणून.

तिच्या नवऱ्याची लाँच होती, या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं लाँच विकली जाणार. तेराव्या दिवशी सकाळी लाँचचा भोंगा वाजला. सगळे धक्क्यावर धावले, तर सुकाणूच्या चाकामागे अक्का. तिने चाकालासुद्धा लोकरीची पट्टी गुंडाळली होती, हाताला गार लागू नये म्हणून. त्याला एकवीस वर्षं झाली.

लाँच पांढरी, निळ्या काठाची. मधोमध लाकडी खोक्याखाली इंजिन, दोन सिलिंडरचं, म्हातारं. गारठ्याच्या सकाळी सगळे उतारू त्या खोक्याला पाय लावून बसायचे. बाजाराच्या टोपल्या, दवाखान्यात निघालेल्या बाया, शाळेतली मुलं, आणि खोक्याखालून येणारी ती ठकठक. त्या ठकठकीत धुकं असलं की काठ दिसेनासा व्हायचा आणि आपण कुठे जातोय हे थोडा वेळ कुणालाच आठवायचं नाही. मी स्वतः त्या लाँचमध्ये कितीतरी वेळा मुक्कामाला पोचूच नये असं मनात म्हटलेलं आहे.

पण ते तळं खालच्या शहराचं पिण्याचं पाणी. त्यामुळे नियम कडक. लाँचच्या तळाशी जे थोडं पाणी साचतं ते पंपाने बाहेर तळ्यात जातं. त्यात तेल मिसळलं तर तळ्यावर रंग दिसतात, मोराच्या पिसासारखे. दिसायला फार सुंदर. आणि तोच गुन्हा. एका सकाळी पाण्याच्या खात्यातले तपासनीस साहेब आले, फळी उचलून खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"आजी, इथे रंग आहेत."

"जुनं इंजिन आहे साहेब. थोडं पाझरतं."

"आणि हा धूर? उतारूंच्या अंगावर येतोय."

"तोही जुनाच आहे."

साहेब हसले नाहीत. म्हणाले, आठ दिवसांनी येईन. तेव्हा पाण्यावर रंग दिसला तर लाँच धक्क्याला बांधायची, कायमची.

लाँच बांधली तर अक्काला लेकीकडे जावं लागणार होतं. लेक चांगली होती, जावईही चांगला, घर चौथ्या मजल्यावर. "तिथून पाणी दिसतं का?" असं अक्काने एकदा विचारलं होतं. लेक म्हणाली होती, "दिसतं की, नळ सोडला की दिसतं. आई, आता तुझ्याच्याने होत नाही गं, पुरे कर." त्या दिवशी अक्का लाँचमध्ये येऊन बराच वेळ चाकाची पट्टी उसवत आणि पुन्हा विणत बसली होती.

साहेब येऊन गेले त्याच दिवशी मिस्त्रीला निरोप गेला. त्याने इंजिन उघडलं. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं त्याच्याखाली एक पातळ पट्टी असते, तेल बाहेर येऊ नये म्हणून. तिला गॅस्केट म्हणतात. ती वाळक्या पानासारखी कडक होऊन एका कोपऱ्यात तुटली होती. कागदावरसुद्धा ठिपक्यांची एकच ओळ, त्याच कोपऱ्याखाली. सरळ प्रकरण. त्याने जुनी पट्टी नखाने, मग पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढली, झाकणाची कड सपाट आहे का ते मोजपट्टी लावून उजेडात बघितलं, नवं गॅस्केट बसवलं, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आलटूनपालटून, थोडे थोडे करत आवळले. घाईने एकच बाजू आवळली की झाकण वाकतं, माणसासारखंच. मग कागद. तासभर इंजिन. कागद कोरा.

"ने," तो म्हणाला.

तो हात धुऊन येईपर्यंत अक्काने आपलं काम करून ठेवलं होतं. इंजिनाच्या कुशीतून बोटभर जाड एक नळी वर येते, आत कोंडणारी वाफ आणि धूर बाहेर सोडणारी. मिस्त्री लोक तिला ब्रीदर म्हणतात. साहेब ज्या धुराबद्दल बोलले तो तिथूनच यायचा. त्या नळीच्या तोंडावर अक्काने घट्ट विणीचं एक तांबडं टोपडं चढवलं होतं, वर गोंडासुद्धा होता.

"बघ, आता कुणाच्या अंगावर काही येणार नाही."

मिस्त्री बघून हसला. "इंजिनाला सर्दी होईल म्हणून?"

"तुला झाली होती का कधी?"

"नाही बाई."

"मग!"

झालं. बहिणीने आणखी एका वस्तूला टोपडं घातलं, यात बघण्यासारखं काय? तो शिट्टी वाजवत चढ चढून गेला.

चौथ्या दिवशी अक्का शेडच्या दारात उभी. तिने नुसता हात पुढे केला. बोटं तेलाने चमकत होती.

मिस्त्रीने आधी हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला, आणि वाक्य मात्र म्हटलं नाही.

त्याने पुन्हा सगळं उघडलं. दुसरं गॅस्केट आणलं. झाकण घरी नेऊन साबणाने धुतलं, काच मांडून तिच्यावर घासून बघितलं. पुन्हा बसवलं. कागद घातला. इंजिन सुरू केलं. पाऊण तासाने पहिला ठिपका पडला. त्याने तो बघितला आणि बघून न बघितल्यासारखं केलं. मग दुसरा पडला.

धक्क्यावर दोर टाकणारा एक म्हातारा होता, दोरवाला. लाँच आली की दोर झेलायचा आणि लाँच नसली की माणसांना बोलण्यात गुंतवायचा. तो म्हणाला, "काय मिस्त्री, कागदाला भूक लागली वाटतं?"

"गॅस्केटच खोटं निघालं असेल," मिस्त्री म्हणाला.

"दोन्ही? नाचता येईना अंगण वाकडं."

अक्का लाँचमधून कडाडली. "तुझं तोंड आहे की उघडी खिडकी! माझ्या भावाच्या हातात दोष नाही. चाळीस वर्षांत कुणाची गळती परत आली का, विचार गावाला."

"गावाला कशाला विचारू? तुझीच आलीय की."

मिस्त्रीने आपले हात बघितले. ते किंचित थरथरत होते, पण ते इंजिन चालू असल्यामुळे की आपलेच, हे त्याला कळेना. त्याने इंजिन बंद केलं. आणि मग, हे त्याने मला नंतर सांगितलं, पुन्हा हात बघायचं त्याला धाडस झालं नाही. ते त्याने खिशात घातले.

सातव्या दिवशी दुपारी तो शेडमध्ये आडवा पडला. जेवला नव्हता. उद्या साहेब येणार होते. जमिनीवर त्याचे चंद्र पडले होते, पण तो त्यांच्यावर न झोपता बाजूला भिंतीशी झोपला, जणू त्या जागेवर आपला हक्क उरला नाही. डोळा लागला की नाही सांगता येत नाही. पण ऊन बदललं, आणि तो लहान झाला. कुणाच्या तरी कडेवर होता. गारठा होता, पाणी होतं, होडी हलत होती. डोक्यावर टोपडं होतं, आणि ते वारा लागू नये म्हणून नाकापर्यंत ओढलेलं होतं. लोकर ओली झाली होती त्याच्याच श्वासाने. श्वास आत येत होता, बाहेर जात नव्हता. कान गरम झाले, डोळे गरम झाले, सगळीकडून घाम फुटला, कपाळावर, मानेवर, कानामागे, एकाच वेळी. कडेवर घेणारी पुढे बघत होती. त्याने हळूच बोट घालून टोपडं वर केलं, एक श्वास सोडला, आणि तिने वळून बघायच्या आत पुन्हा खाली ओढलं.

तो उठून बसला. चंद्र भिंतीपर्यंत येऊन त्याच्या छातीवर होते.

त्याने दोन कागद आणले, पहिल्या गळतीचा आणि परवाचा, आणि खिडकीशी धरले. पहिल्यावर ठिपक्यांची एक ओळ. परवाच्या कागदावर मात्र चारी बाजूंनी ठिपके, झाकणाच्या आकाराची चौकट, जणू इंजिनाने आपली सावली काढून ठेवली होती. एका कोपऱ्यातून गळलं तर दोष पट्टीचा. सगळीकडून सारखंच गळतंय, म्हणजे पट्टीचा काही दोष नाही, आतून कुणीतरी ढकलतंय. आतल्याला श्वास सोडायला जागा नाही. दोन दिवस कोरी असलेली लोकर तेलाची वाफ पिऊन पिऊन बुचासारखी झाली असणार, आणि मग इंजिनाला जिथून जमेल तिथून घाम फुटला.

"काखेत कळसा," तो स्वतःशी म्हणाला, आणि थोडा वेळ हसला. मग हसू थांबलं.

कारण त्याला दिसलं, की हे अक्काला सांगायचं म्हणजे काय सांगायचं. की तुझी लाँच तुझ्याच हाताने बुडत होती. की लेक म्हणते ते खरं आहे, आता तुझ्याच्याने होत नाही. ती वाद घालणार नाही. ती "हो का" म्हणेल आणि उद्या संध्याकाळपर्यंत ट्रंक भरेल. साहेबांना लाँच बांधावीच लागणार नाही.

आठव्या दिवशी सकाळी तो धक्क्यावर आला तेव्हा धुकं अजून पाण्यावर बसलेलं होतं. लाँच त्यात अर्धीच दिसत होती.

"अक्का, चहा आण गं. टपरीवरचा नको, घरचा."

"आत्ता? साहेब येतील ना रे."

"म्हणूनच. घसा कोरडा पडलाय."

ती गेली. त्याने खोकं उघडलं. तांबडं टोपडं आता तांबडं राहिलं नव्हतं. ते त्याने उतरवलं, तेव्हा हाताला भिजल्या मांजराच्या पिलाएवढं जड लागलं. ठेवावं कुठे? पाण्यात टाकता येत नाही, लाँचमध्ये ठेवता येत नाही. जुन्या कागदाच्या तुकड्यात गुंडाळून त्याने ते सदऱ्याच्या खिशात कोंबलं. मग झाकणाचे बोल्ट एकदा हलके तपासले, इंजिन पुसून कोरडं केलं, तळाचं पाणी चिंध्यांनी टिपून टिपून बादलीत काढलं, नवं पाणी घातलं, आणि इंजिनाखाली कागद पसरला. पसरताना त्याचे हात थरथरत नव्हते. इंजिन सुरूच नव्हतं.

चहा आला, साहेब आले, उतारू आले. मीही होतो, टोपली पायाशी घेऊन. साहेब म्हणाले, एक फेरी मारू, मग बघू. अक्का चाकामागे उभी राहिली. धुक्यातून गेलो, धुक्यातून आलो. नळीतून निळसर धूर निघत होता, पण मिस्त्री बरोबर तिच्या पुढ्यात उभा राहिला होता, आणि तो सगळा धूर त्याच्याच अंगावर जात होता. जाऊन येऊन तासभर लागला. अक्काने एकदाही मागे वळून बघितलं नाही. लोकर गुंडाळलेल्या चाकावर तिची बोटं पांढरी पडली होती, हे मात्र मला दिसत होतं.

धक्क्याला लागलो. दोरवाल्याने दोर झेलला आणि मान लांब केली. साहेबांनी कागद ओढला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. कोरा. मग फळी उचलून वाकले. या वेळी लवकर सरळ झाले.

"पाण्यात माझं तोंड दिसतंय," ते म्हणाले. "दुसरं काही नाही. ठीक आहे आजी, चालू द्या. धुराची नळी मात्र उंच करून बाहेर काढा."

"आजच करतो," मिस्त्री म्हणाला.

"पण दोष काय होता? दोनदा बसवलं म्हणे."

मिस्त्रीने चष्मा कपाळावर चढवला. "हात माझे, साहेब. बोल्ट जास्त आवळले गेले. वय झालं."

दोरवाल्याचं तोंड उघडं राहिलं. त्याला खरं तर हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर ते नकोसं झालं. "तसं कुणाचंही होतं हो मिस्त्री," तो पुटपुटला. चाळीस वर्षं त्या एका वाक्याबरोबर धुक्यात गेली, आणि ती गेल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

साहेब गेले. उतारू उतरले. अक्का चाक सोडून इंजिनाशी आली, भावाच्या पाठीवर हात ठेवायला आली असावी. ठेवला नाही. आधी तिला नळी दिसली, उघडी. मग तिची नजर हळूहळू फिरत फिरत त्याच्या सदऱ्यावर आली. खिशावर तळहाताएवढा डाग पडला होता, तपकिरी, कडेने अजून पसरणारा. खिशाच्या खालच्या शिवणीला एक थेंब जमला होता, विचार करत होता.

"बाळ्या," ती म्हणाली, "खिसा गळतोय तुझा."

त्याने खाली बघितलं. तळहाताने खिसा झाकला.

"गळू दे. घरी जाऊन धुतो."

"साबणाने निघायचा नाही तो."

"मग राहू दे."

त्याने तिपाई उचलली, कोरा कागद घडी करून काखेत मारला आणि धक्क्याच्या फळ्यांवरून चालू लागला. अक्काने हाक मारली नाही. पुढच्या फेरीचे उतारू येऊन बसले, कुणीतरी विचारलं, निघायचं का, तरी तिने इंजिन सुरू केलं नाही. ती कठड्याला धरून उभी होती. दोरवाला हातात दोर घेऊन उभा होता, सोडायचा विसरून. मिस्त्री चढ चढत होता, एक हात खिशावर, धुकं गुडघ्यांपर्यंत. वळणाशी पोचल्यावर त्याने डोक्यावरची टोपी एका बोटाने जरा वर सरकवली, कान मोकळे केले, थोडा थांबला, आणि पुन्हा खाली ओढली.

या वेळी ती बघत होती.